गाडी विकली तरी एनसीबी आपलाच: कोल्हापुरात दुचाकी विकताना विम्याचं काय करायचं

रविवारी सकाळी मंगळवार पेठेत आमच्या दारातच सौदा झाला. दीडशे सीसीची गाडी, पाच वर्षं एकहाती वापरलेली, एकही क्लेम नाही. समोरच्यानं पैसे मोजून दिले. मी दोन किल्ल्या, आरसी आणि इन्शुरन्सचे कागद पिशवीत घालून त्याच्या हातात दिले आणि टीटी फॉर्मवर, म्हणजे नावबदलाच्या अर्जांवर, सह्या करून तारखेची जागा कोरी सोडली. "नाव चढवून घेतो की दादा, आठ दिवसांत," म्हणाला आणि गेला.

पुढच्या वर्षी दसऱ्याला नवी गाडी घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "जुन्या गाडीचा एनसीबी आहे का?" एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. माझ्या शेवटच्या पॉलिसीवर ती ४५ टक्के होती. विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, "गाडी अजून तुमच्याच नावावर दिसतीया. आधी ट्रान्स्फर झालेली आरसी आणा, मग एनसीबीचं लेटर देतो." घेणाऱ्याचा फोन बंद होता. पाच वर्षं सांभाळून गाडी चालवल्याची सूट गेली. त्याहून वाईट म्हणजे, तो माणूस माझ्या नावावरची गाडी कुठं, कशी चालवतोय हे मला ठाऊक नव्हतं आणि मी महिनाभर नीट झोपलो नाही. तेव्हापासून ओळखीतलं कुणी गाडी विकायला काढली की मी स्वतःहून जाऊन बसतो आणि पुढं लिहिलंय ते सगळं सांगतो.

एनसीबी कुणाचा?

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली म्हणून तो गाडीबरोबर जात नाही आणि विकत घेणाऱ्याला मिळतही नाही. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला २० टक्के, सलग दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ५० च्या वर जात नाही. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

ही सूट फक्त ओडी म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या, हप्त्याला एनसीबी लागत नाही. ज्यांच्याकडे नुसता थर्ड पार्टी विमा आहे त्यांना एनसीबी साठतच नाही, त्यांनी खालचा फक्त नावबदलाचा भाग वाचला तरी चालेल. तो मात्र वाचाच.

पैशात किती फरक पडतो? समजा, साडेतीनशे सीसीच्या नव्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, १,९०,००० रुपये आहे. जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, मोठ्या आठ शहरांचा झोन ए आणि बाकी सगळे झोन बी होते, म्हणजे कोल्हापूर बी मध्ये. या झोनला १५० ते ३५० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला १.७६ टक्के दर धरला तर ओडीचा हप्ता ३,३४४ रुपये होतो. ५० टक्के एनसीबी असेल तर १,६७२ वाचले. आता कंपन्या स्वतःची वेगळी सवलत देतात, त्यामुळं तुमचा आकडा कमी येईल. त्याच गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दरानं ७,३६५ रुपये, त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. शोरूममध्ये "पन्नास टक्के एनसीबी म्हणजे इन्शुरन्स निम्म्यात" असं कुणी सांगितलं तर हा हिशोब समोर ठेवा.

इसार घेण्याआधी

पॉलिसी काढून तीन गोष्टी बघा: ओडीची मुदत कधी संपते, एनसीबी किती टक्के छापलाय आणि ओडी व थर्ड पार्टी एकाच कंपनीत आहेत का.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि ओडी बहुधा एकेका वर्षाचा असतो. पहिल्या वर्षानंतर अनेकजण ओडी दुसऱ्या कंपनीकडून घेतात. म्हणजे एकाच गाडीच्या दोन पॉलिसी, दोन कंपन्यांच्या. अशा वेळी एनसीबीचं पत्र ओडीवाली कंपनी देते, पण नाव दोन्हीकडं बदलावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एकाचं ओडीचं काम व्यवस्थित झालं आणि थर्ड पार्टीच्या पॉलिसीवर वर्षभर त्याचंच नाव राहिलं.

मुदतीचंही गणित आहे. एनसीबीची पायरी बारा महिने पूर्ण झाल्यावरच चढते. पॉलिसीवर छापलेला आकडा आधीच्या वर्षांचा असतो, चालू वर्ष त्यात धरलेलं नसतं. ३५ टक्के छापलेत आणि मुदत संपायला तीन आठवडे आहेत, अशा वेळी आज विकलं तर ३५ वरच थांबाल. तीन आठवडे थांबून नूतनीकरण केलं तर ४५ होतात, मग विका. नूतनीकरणाचे पैसे गाडीच्या किमतीत धरता येतात, कारण घेणाऱ्याला चालू विमा लागतोच. मुदत सहा-सात महिने लांब असेल तर मात्र एका पायरीसाठी गाडी दारात ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मुदत संपून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं नाही तर एनसीबी जातो. विकायची म्हणून गाडी उभी आहे, "आता कशाला भरायचा" म्हणून ओडी सोडून दिला, चार महिन्यांनी गिऱ्हाईक मिळालंच नाही आणि गाडी परत वापरात काढली, असं झालं की सगळं पहिल्यापासून. गाडी विकली गेली असेल तर मात्र नियम वेगळा आणि सैल आहे, तो पुढं येतोय.

विकायच्या तोंडावर क्लेम घ्यावा का?

गाडी विकायच्या आधी ओरखडे, फुटलेला इंडिकेटर, वाकलेलं हँडल क्लेममधून करून घ्यायचा मोह होतो. कागदावर आकडे मांडून बघा. समजा, तुमचा ओडीचा मूळ हप्ता २,००० रुपये आहे आणि ५० टक्के एनसीबीमुळं तुम्ही १,००० भरता. क्लेम घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत २,०००, १,६००, १,५००, १,३००, १,१०० असे हप्ते भराल. एरवी दरवर्षी १,००० भरले असते. म्हणजे एका क्लेमची किंमत साधारण २,५०० रुपये. आयडीव्ही दरवर्षी उतरत असल्यानं प्रत्यक्षात थोडी कमी. गॅरेजचं बिल त्याच्या आत असेल तर खिशातून द्या.

उलटं मोठं नुकसान झालं असेल तर एनसीबीकडं बघत बसू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. सूट वाचावी म्हणून इंजिनचं काम खिशातून करायचं नसतं, विमा त्याच दिवसासाठी घेतलेला असतो. (पाण्यातून काढलेल्या गाडीला बटन मारू नका. आधी कंपनीला कळवा, फोटो काढा, टो करून न्या. पाणी शिरलेलं इंजिन चालू करून बिघडवलं तर क्लेम अडतो.)

विक्रीच्या दिवशी

हप्त्यांची गाडी असेल तर फायनान्स कंपनीचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. ई-चलनं भरून टाका. पीयूसी चालू ठेवा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्या, त्यावाचून नावबदल अडतो.

मग फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०. यालाच सगळे टीटी फॉर्म म्हणतात. २९ हा विकणाऱ्यानं आरटीओला द्यायचा वर्दीचा कागद आहे. म्हणजे तो घेणाऱ्याच्या पिशवीत टाकून विसरायचा कागद नव्हे, तो पोचवण्याची जबाबदारी तुमची आहे आणि कायद्यानं त्याला १४ दिवसांची मुदत आहे. कोऱ्या तारखेवर सही करू नका. एजंट म्हणेल, "राहू दे की, मी भरतो." नाही म्हणा. तारीख कोरी म्हणजे गाडी दोन-तीन हात फिरेपर्यंत कागद तुमच्याच नावावर.

त्याशिवाय साध्या कागदावर डिलिव्हरी नोट करा: गाडी नंबर, चासिस नंबर, इंजिन नंबर, किंमत, तारीख आणि वेळ. "आज दुपारी साडेबारापासून या गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची" हे वाक्य, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, आरसी आणि पॉलिसीचाही. पाच मिनिटांचं काम आहे.

गिऱ्हाईक निपाणीचं, चिक्कोडीचं किंवा बेळगावचं असेल तर एक पायरी वाढते. राज्य बदलतंय, त्यामुळं आपल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. ती हातात पडल्याशिवाय तिकडं नाव चढत नाही. आपल्याकडं सीमेपलीकडचा व्यवहार रोजचा आहे, पाहुणेही तिकडंच असतात, आणि "पाहुण्यातलाच हाय" म्हणून कागद राहून गेलेल्या गाड्या मी सगळ्यात जास्त याच प्रकारात बघितल्यात. एनओसीचा अर्ज तुम्हीच करा आणि गाडी त्यानंतर द्या.

नाव बदललं का, हे स्वतः बघा

नावबदलाचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. एमएच ०९ च्या गाडीचं काम ताराबाई पार्कातल्या आरटीओ ऑफिसचं. अर्ज क्रमांक घेणाऱ्याकडून मागून घ्या आणि आठवड्यातून एकदा त्याची स्थिती बघा. नवं नाव दिसेपर्यंत काम संपलं असं समजू नका. शक्य असेल तर किमतीतले दोन-तीन हजार नाव चढेपर्यंत मागं ठेवायचे असं सौद्यातच ठरवा. एवढी एक अट घातली की घेणारा आपणहून आरटीओत जातो.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ ला स्पष्ट केलंय: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. पैसे घेतले, किल्ली दिली, डिलिव्हरी नोट केली, तरी नोंद बदलली नाही तर दार तुमचंच वाजणार. डिलिव्हरी नोट पुरावा म्हणून कामाला येते, नावबदलाची जागा घेत नाही.

विमा कंपनीकडून पत्र घेणं

आता मुख्य काम. या पत्राला एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, रिटेन्शन लेटर किंवा नुसतं एनसीबी सर्टिफिकेट म्हणतात. तुमच्या नावावर इतके टक्के शिल्लक आहेत असं ओडी कंपनीनं लिहून दिलेलं असतं. त्यासाठी चालू पॉलिसीतून तुमचा हक्क संपायला हवा. पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर करून दिली तरी चालते, किंवा त्यानं स्वतःची नवी काढली असेल तर तिची प्रत देऊन तुमची रद्द करता येते. दुसरा विमा दाखवल्याशिवाय थर्ड पार्टीचा भाग रद्द होत नाही, गाडी रस्त्यावर बिनविम्याची राहू नये म्हणून.

कंपनीला ई-मेल करा आणि शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. मजकूर असा पुरे:

"माझी दुचाकी क्रमांक एमएच ०९ … , पॉलिसी क्रमांक … , ही मी दिनांक … रोजी विकली आहे. आरटीओ नोंदीत मालकी बदलली आहे. सदर पॉलिसीवरील माझे नाव कमी करावे आणि माझ्या खात्यावरील … टक्के नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र मला द्यावे. सोबत: पॉलिसीची प्रत, फॉर्म २९ व ३० च्या प्रती, हस्तांतरित आरसीची प्रत, डिलिव्हरी नोट, ओळखपत्र."

पत्र हातात आलं की खुर्चीवरून उठायच्या आधी वाचा. नाव आधारवर आहे तसंच आहे का, गाडी नंबर, पॉलिसीचा कालावधी, टक्के आकड्यात आणि "क्लेम नाही" असा उल्लेख. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर चुकलं म्हणून पुढं नव्या कंपनीनं पत्र परत केल्याचं माझ्यासमोर घडलंय.

घेणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा की पॉलिसी त्याच्या नावावर होताना तुमच्या एनसीबीचा उरलेल्या दिवसांचा फरक कंपनी त्याच्याकडून घेईल. नाहीतर त्याला वाटतं आपण काहीतरी लपवलं. त्यानं विक्रीपासून १४ दिवसांत कंपनीला अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानं गाडीबरोबर जातं, ओडीचं आपोआप जात नाही. त्या मधल्या काळात त्याची गाडी पडली तर तुमच्या पॉलिसीतून त्याला ओडीचे पैसे मिळणं कठीण. हे त्याच्या कानावर घातलं की तोही घाई करतो.

नव्या गाडीला लावताना

लगेच गाडी घ्यायची नसेल तरी चालतं. जुन्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नव्या गाडीचा विमा काढला की राखलेला एनसीबी लागतो. विक्रीच्या बाबतीत सैल नियम म्हटलं तो हाच. टक्के वाढत नाहीत, आहेत तेवढेच राहतात. कंपनी वेगळी असली तरी अडचण नाही.

गाडी मात्र त्याच वर्गातली हवी. मोटारसायकलचा एनसीबी स्कूटरला लागतो, दोन्ही दुचाकी. चारचाकीला लागत नाही. आणि मालक तोच हवा. "वडिलांची गाडी विकली, त्यांचा ५० टक्के माझ्या नव्या गाडीला लावा" ही मागणी पाडव्याला हमखास ऐकू येते. तसं होत नाही, नवी गाडी वडिलांच्याच नावावर घेतली तरच. मालक वारला आणि गाडी पत्नी, पती, मुलं किंवा आई-वडिलांच्या वापरात आली, तर मात्र त्याचा एनसीबी त्यांच्याकडं जातो. मृत्यूनंतरच्या कागदपत्रांच्या गर्दीत हा हक्क कुणी मागत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

शोरूममध्ये बुकिंगच्या दिवशीच पत्र दाखवा, डिलिव्हरीच्या दिवशी नको. दसऱ्याच्या सकाळी पंचवीस गाड्या हार घालून उभ्या असतात, तेव्हा कुणाला वेळ नसतो, आणि पॉलिसी आधीच निघालेली असते. काही ठिकाणी "टू-व्हीलरला एनसीबी ट्रान्स्फर होत नाही" असं सरळ सांगतात. ते चूक आहे. त्यांना जमत नसेल तर विमा स्वतः बाहेरून काढायची तुम्हाला मुभा आहे, शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही.

पत्र नसताना नुसत्या फॉर्मवर "५० टक्के" लिहून देऊ नका, आणि क्लेम घेतलेला असताना तर मुळीच नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडं खात्री करते आणि खोटं निघालं तर ओडीचा सगळा लाभ जातो. म्हणजे पंधराशे वाचवायला गेलात आणि गाडी चोरीला गेली तेव्हा हातात काही नाही.

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचंही बघा. जुन्या गाडीच्या पॉलिसीतला तुमचा भाग नावबदलाबरोबर संपतो. घरातल्या तुमच्याच दुसऱ्या गाडीवर तो आधीच असेल तर नव्या गाडीवर परत घ्यायची गरज नाही.

कंपनी पत्र देत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन करायचा तर १५५२५५. महिनाभरात काही हललं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही आणि वकील लागत नाही. शाखेत दिलेल्या अर्जाची शिक्क्यासह पोच इथंच उपयोगी पडते. ती आणि एनसीबीचं पत्र मी आता नव्या गाडीच्या आरसीबरोबर एकाच प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवतो, आणि दोन्हींची एकेक प्रत स्वतःलाच ई-मेल करून ठेवली आहे.